प्रामाणिकपणाचा शेवटचा शुक्रवार

शाळेतून फोन आला तेव्हा बाबांना जाऊन अठरा दिवस झाले होते.

"लिफ्टवाले काका आहेत का?"

"नाहीत," आई म्हणाली.

"मग कधी भेटतील?"

आईने थोडा विचार केला आणि फोन माझ्या हातात दिला. अठरा दिवसांत हा प्रश्न तिला सातव्यांदा विचारला गेला होता. दर वेळी ती खरंच विचार करायची.

फोनवर मूल्यबाई होत्या. शाळेत मूल्यशिक्षण बघणाऱ्या बाई. मुलांनी ठेवलेलं नाव त्यांना इतकं चिकटलं होतं की फोनवर त्या स्वतःच "मी मूल्यबाई बोलतेय" म्हणाल्या. त्यांच्याकडे महिन्याला एक मूल्य असं छापील टाइमटेबल होतं. ते मूल्य अंगात असलेला आसपासचा एक माणूस महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सातवीच्या वर्गात आणून बसवायचा, अशी पद्धत. श्रमप्रतिष्ठेला बेकरीवाला येऊन गेला होता, करुणेला नर्स. प्रामाणिकपणाला बाबा.

"बाबा वारले," मी सांगितलं.

"अरेरे." मग कागद उलटल्याचा आवाज. "म्हणजे शुक्रवारी जमणार नाही त्यांना."

"अवघड आहे."

"हे बघा, माझीही अडचण समजून घ्या. प्रामाणिकपणा या शुक्रवारी संपतोय. एक तारखेपासून संयम सुरू. प्रामाणिकपणा लांबला तर संयमाला वेळच पुरत नाही. तुम्ही काय करता?"

"लिफ्टच बघतो. त्यांच्याच हाताखाली होतो."

"आडनाव तेच ना?"

"तेच."

"मग काही प्रश्न नाही."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "जा बाबा. येतो म्हणून शब्द दिलेला त्यांनी."

बाबा प्रामाणिकपणाच्या यादीत कसे गेले, त्याचीही एक गोष्ट आहे. मागच्या वर्षी मूल्यबाई शाळेच्या लिफ्टमध्ये पाऊण तास अडकल्या होत्या. बाबांनी त्यांना बाहेर काढलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे. गेल्या वेळी दाराचा खटका बघायचा राहिला." बाईंनी आधी इकडेतिकडे बघितलं म्हणे. हा माणूस दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय असं त्यांना वाटलं. स्वतःहून चूक कबूल करणारा कारागीर त्यांनी कधी पाहिला नव्हता. तिथेच उभं राहून त्यांनी बाबांचं नाव वहीत लिहून घेतलं.

आता माझी भानगड सांगतो.

बाबांकडे सव्वीस लिफ्ट होत्या. दर लिफ्टमध्ये आत एक कार्ड असतं. महिन्याला तपासणी झाली की तारीख टाकून सही करायची. तपासणीला बाबा आधी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जायचे, ब्रेक बघायचे, तेल बघायचे. मग एकटे लिफ्टमध्ये बसून प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि डोळे मिटून बाहेर पाऊल टाकायचे. "लिफ्टमधून बाहेर पडलो हे पायाला कळता कामा नये," म्हणायचे. "पायाला कळलं म्हणजे ब्रेक सैल आहे." सगळ्या मजल्यांवर पाय गप्प राहिला तरच सही.

बाबा नऊ तारखेला गेले. बारा तारखेला साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे सुपरवायझर. "दुःख आहेच रे," ते म्हणाले, "पण लिफ्टला काय कळतं? सव्वीसही तू करून टाक. आणि एक ध्यानात ठेव, काम न करता कार्डावर सही दिसली की माणूस त्याच दिवशी घरी. तुझ्या बाबांनीच लावलेला नियम आहे."

पंचवीस केल्या. नीट केल्या. मला काहीच वाटत नव्हतं, त्यामुळे काम छान व्हायचं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसा मी सगळाच माझा नव्हतो. ऑइलचा डबा पायावर पडला तर मी खाली वाकून "लागलं का?" असं पायाला विचारलं.

सव्विसावी लिफ्ट राहिली ती पाच मजली इमारतीतली. चौदा तारखेला मी गच्चीवर गेलो, मशीन रूमचं दार उघडलं. दारामागच्या खिळ्याला बाबांचा स्वेटर. तपकिरी, कोपराला ठिगळ. थंडीत वर काम करताना घालायचे. आतमध्ये माणूस नसला तरी खांदे बाबांसारखेच खाली उतरलेले.

मी दार लावून घेतलं. खाली आलो. लिफ्टमध्ये उभा राहून कार्डावर तारीख टाकली आणि बाबांची सही केली. त्यांचीच का केली, माझी का नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर केलेली असल्यामुळे हात बसलेला होता, एवढंच.

शुक्रवारी शाळेत मला बिल्ला मिळाला. त्यावर बाबांचं नाव होतं, कारण बिल्ले वर्षाच्या सुरुवातीलाच छापलेले. मूल्यबाईंनी तो माझ्या खिशाला लावला, एक पाऊल मागे जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "शोभतोय." मग फळ्यावर मोठ्या अक्षरात 'प्रामाणिकपणा' लिहिलं, खाली बाबांचं नाव, आणि कंसात 'नऊ तारखेला निधन'. सगळ्यांना उभं करून एक मिनिट शांतता पाळली. चाळीस सेकंदांनंतर मागच्या बाकावरून कुणीतरी ढेकर दिला. बाईंनी घड्याळ बघून ते मिनिट पहिल्यापासून सुरू केलं.

मी बोलायला उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून बाबांचं डोळे मिटून पाऊल टाकणं सांगितलं. मुलं ऐकत होती. दोघातिघांनी बाकाखाली डोळे मिटून पाय हलवूनही बघितले.

मग प्रश्न. प्रश्न छापील होते आणि हजेरीच्या क्रमाने यायचे.

"आपण किती वर्षं प्रामाणिक आहात?" हजेरी क्रमांक एकने वाचलं.

"बावीस," मी म्हणालो. कामाला लागून दोनच वर्षं झालेली, पण प्रश्न बाबांसाठी होता आणि त्यांची नोकरी बावीस वर्षांची.

"प्रामाणिक राहिल्यामुळे आपला काय फायदा झाला?"

"शाळेत बोलावलं."

मूल्यबाईंनी मान हलवून टिपून घेतलं. एका मुलाला छापील प्रश्न पुरेसा वाटला नाही. "दादा, लिफ्टमध्ये कुणी पादलं तर वास किती वेळ राहतो?"

"बस खाली!" बाई ओरडल्या.

"पंखा चालू असेल तर तीन मजले," मी म्हणालो. "बंद असेल तर पुढच्या माणसापर्यंत."

वर्ग पहिल्यांदाच माझ्या बाजूने झाला. सगळे लिहून घेऊ लागले.

मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन वेण्या, हातात छापील कागद नाही. "हिला आम्ही कॅलेंडर म्हणतो," तिच्या शेजारणीने मला सांगितलं. "हिला सगळ्यांच्या तारखा पाठ असतात. माझा दात पडल्याचीसुद्धा."

"दादा," कॅलेंडर म्हणाली, "तुमचे बाबा आमच्या इमारतीत यायचे. मला लिफ्टमध्ये वाचायला दुसरं काही नसतं, म्हणून मी कार्ड वाचते. त्यावर त्यांची चौदा तारखेची सही आहे." तिने फळ्याकडे बघितलं. "आणि इथे नऊ लिहिलंय."

ती आरोप करत नव्हती. बेरीज जुळत नाही म्हणून वही घेऊन आली होती, एवढंच.

वर्गात इतकी शांतता झाली की बाईंना हवं असलेलं ते मिनिट आत्ता फुकटात मिळालं असतं.

"अगं," मूल्यबाई घाईघाईने म्हणाल्या, "काही माणसं कामं आधीच उरकून ठेवतात. त्यांनी सही आधीच करून ठेवली असेल. ते वक्तशीरपणात येतं. जानेवारीत घेणार आहोत आपण."

"म्हणजे तपासायच्या आधीच सही केली?" कॅलेंडरने विचारलं. "मग ते सगळीकडे तसंच करायचे?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. दार माझ्यासाठी उघडं होतं. नुसतं "हो, तसंच असेल" म्हटलं की नोकरी राहत होती. गेलेल्या माणसाला कोण नोकरीवरून काढणार? फक्त फळ्यावरच्या त्या मोठ्या शब्दाखालचं नाव खोटं ठरत होतं, आणि तेही सातवीच्या एका तुकडीपुरतं. शाळेतली पोरं, सोमवारपर्यंत विसरतीलही. पण कॅलेंडर विसरणार नव्हती.

"नाव त्यांचं," मी म्हणालो. "सही माझी."

"मग लिफ्ट कोणी तपासली?"

"कोणीच नाही."

"माझे आजोबा सव्वीस तारखेला चौथ्या मजल्यावर अडखळून पडले," ती म्हणाली. "लिफ्ट वर थांबते. दोन बोटं वर. मला वाटलं, सही आहे म्हणजे आजोबांचंच काहीतरी चुकलं असेल. मी त्यांना तसं म्हणालेपण."

मला तिथे काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. काही आलं नाही. फक्त खिशावरचा बिल्ला जड वाटला, आणि तो पत्र्याचा होता.

"त्यांचं नाही चुकलं," मी म्हणालो. "माझं चुकलं. लिफ्ट आत्ता बंद करायला लागेल."

"तास अजून बारा मिनिटं आहे," मूल्यबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, हळू आवाजात, "जा तुम्ही." त्यांच्या हातात पाहुण्यांचा फॉर्म होता. सवयीने त्यांनी त्यावर 'समाधानकारक' अशी खूण केली, खोडली, आणि पुन्हा केली.

शाळेच्या फाटकातून मी साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"कुणी पकडलं?"

"कुणी नाही. मीच बोललो. सातवीच्या वर्गात."

"वर्गात? अख्ख्या?"

"दोन मुलं गैरहजर होती."

"गाढवा," साहेब म्हणाले, पण त्यात दम नव्हता. "मला एकट्याला सांगितलं असतंस तर बघितलं असतं काहीतरी. आता काय बघणार? ती लिफ्ट करून ये. आणि येताना बॅग इथे ठेव."

बॅग म्हणजे हत्यारांची. बॅग ठेव म्हटलं की त्यात सगळं आलं.

पाच मजली इमारतीत मी लिफ्ट बंदची पाटी लावली आणि जिन्याने वर गेलो. मशीन रूमचं दार उघडलं. स्वेटर होता तिथेच होता. "येऊ का?" असं माझ्या तोंडून निघालं. कुणी नको म्हणालं नाही. मी स्वेटर खिळ्यावरून काढून हत्यारांच्या बॅगेत ठेवला आणि खिळा मोकळा झाल्यावर त्यावर माझी पिशवी अडकवली. खिळ्याला काय, कुणीही चालतं.

ब्रेकचे लायनर झिजले होते. बदलले, पकड घट्ट केली, तेल बघितलं. सव्वा तास लागला. चौदा तारखेलाही एवढाच लागला असता.

मग आत बसलो. पहिला मजला, डोळे मिटले, पाऊल. काही नाही. दुसरा, तिसरा, तसंच. चौथ्यावर दार उघडलं, मी डोळे मिटले आणि पाऊल टाकलं. पायाला कळलं नाही.

"डोळे उघडा, भिंत आहे," कुणीतरी म्हणालं.

शाळा सुटून कॅलेंडर जिन्याने घरी आली होती. दप्तर पाठीवरच. तिच्यामागे दारात गुडघ्याला पट्टी बांधलेले आजोबा काठी धरून उभे.

"हाच का तो सहीवाला?" आजोबांनी विचारलं.

"हाच," ती म्हणाली.

"माफ करा, आजोबा," मी म्हणालो.

"हिने मला चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगितलं," आजोबा म्हणाले. "मी नवीन करून आणला. आता सगळं मोठं मोठं दिसतंय." ते काठी टेकत लिफ्टशी आले, आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. "झाली बुवा," नातीला म्हणाले. मला किंवा तिला माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. ती मात्र त्यांचा हात सोडत नव्हती.

पाचवा मजलाही केला. मग कार्ड काढलं. चौदा तारखेवर एक रेघ मारली, खाली नवी ओळ. कॅलेंडर कोपराशी उभी राहून बघत होती.

"आज तीस," तिने सांगितलं.

मी तीस लिहिलं आणि माझी सही केली. माझी सही मी फारशी करत नाही, त्यामुळे ती खोट्यासारखी दिसत होती. तिने ती दोनदा वाचली.

"तुम्ही पुढच्या महिन्यात येणार का?"

"नाही."

"मग कोण येणार?"

"दुसरा कुणीतरी. पायावर लक्ष ठेव."

ती बरं म्हणाली. 'आज मी काय शिकले' हा कागद तिला सोमवारी द्यायचा होता. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी तीन मजल्यांचं लिहिलंय, असं ती म्हणाली. तिचा अजून कोराच होता.

ऑफिसात साहेबांनी बॅग उघडून एकेक हत्यार टेबलावर मांडलं. पाने, हातोडी, टेस्टर, ऑइलचा डबा. यादीशी ताडून बघत ते तळाशी पोचले आणि त्यांच्या हाताला स्वेटर लागला. त्यांनी तो वर धरला. खांदे खाली उतरलेले. त्यांनी तो ओळखला. मग यादीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"हे कंपनीचं?"

"नाही."

"मग घेऊन जा."

मी स्वेटर काखेत मारला. "येतो," म्हणालो. जाणारा माणूस येतो म्हणतो, आणि साहेबही सवयीने "ये" म्हणाले.

ऑफिसच्या दाराबाहेर एक पायरी आहे. दोन वर्षं रोज उतरलेली. कुणी मोजली नाही, कुणी सही केली नाही, साधारण चार बोटं असेल. बाहेर पाऊल टाकलं आणि जमीन वाटली त्यापेक्षा खाली निघाली.

पायाला कळलं. मी तिथेच बसलो.