दोन विरुद्ध दोन

"दोन बाजूनं, दोन विरोधात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ठराव फेटाळला. पुढचा विषय घ्या."

झालं. अकरा महिन्यांचं काम एवढ्यात आटोपलं. ऑरिन हॉगलंड फाईल मिटून बसून राहिला. निवडणुकीतल्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या मंडळात तो बावीस वर्षं तपासनीस. मंडळावर दोघं या पक्षाचे, दोघं त्या पक्षाचे, आणि कुणाच्या बँकेचे कागद मागवायचे तर तीन मतं हवीत. असला कायदा करणाऱ्याचे पाय धुऊन पाणी प्यावं.

तक्रार वर्ना श्टोल्ट्झ यांची होती. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवून त्या काउंटीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. मतदानाला चार दिवस उरले असताना घरोघर पत्रकं पडली, की ही बाई दारू पिऊन पोरांची बस हाकायची. धादांत खोटं. पत्रकावर छापून घेणाऱ्याचं नाव नव्हतं, तोच गुन्हा. ऑरिननं छापखाना हुडकून काढला. मालकानं हळूच नाव सांगितलं, लायल ट्वाइट, गावातला पशुखाद्याचा दुकानदार. पण लिहून द्यायला मालक तयार नव्हता, आणि ट्वाइटच्या बँकेच्या कागदांशिवाय दुसरा पुरावा नव्हता. तेच मागवायचा ठराव आज पडला.

दुपारी वर्नाबाई स्वतःच कचेरीत आल्या. त्यांच्या हाती मंडळाचं पत्र दिलं, त्यात एकच ओळ होती: तक्रार बंद करण्यात आली आहे.

"म्हणजे काय झालं हो?"

"मला सांगता येत नाही, वर्नाबाई. बंद प्रकरणाबद्दल बोललो तर माझ्यावरच खटला होईल."

"कोण होतं, एवढं तरी सांगा. चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही आता."

ऑरिननं फाईल खणात सारली.

"म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही. नुसत्या खुर्च्या उबवल्यात."

नाव अगदी ओठांवर आलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्याला स्वतःची, मंडळाची, सगळ्यांची चीड आली.

"एक लायल तेवढा धरून आहे मला," वर्नाबाई पत्राची घडी घालत म्हणाल्या. "आजसुद्धा एवढ्या लांब त्यानंच गाडीतून आणलं."

तेवढ्यात तोच आत आला. जाडजूड, हसतमुख माणूस. "काय गं, लागला का पत्ता?"

"कसला पत्ता? यांनी शोधलंच नाही."

ट्वाइटनं ऑरिनकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग त्यानं वर्नाबाईंचा मफलर नीट केला आणि त्यांचा दंड धरला. "चल. पायऱ्यांवर बर्फ आहे, जपून."

वर्नाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. ऑरिन पुढं झाला आणि त्यानं दोघांसाठी दार उघडून धरलं.