मामाला कळवायचं होतं

आई गुरुवारी गेली. शुक्रवारी दुपारपर्यंत आमच्या नाखेरी गावात सगळ्यांना कळलं होतं. तिबिलिसीहून माझ्या ग्रंथालयातल्या दोघी येऊन गेल्या, पाद्री येऊन गेले, सोमवारी पुरायचं ठरलं. कळायचं राहिलं होतं ते एकट्या खाज़बीमामाला, आईच्या सख्ख्या भावाला. त्याच्या घराचं धुराडं आमच्या अंगणातून दिसतं. सकाळी धूर निघाला की आई म्हणायची, "उठला म्हातारा." मध्ये आमची प्लमची बाग आहे, बागेच्या कडेला काटेरी तार.

आई ओसेत, बाबा जॉर्जियन. त्यांच्या लग्नात या दोन शब्दांचा उपयोग वाजंत्र्यांना कुठला नाच वाजवायचा हे सांगण्यापुरता झाला होता. मग युद्धं झाली. पलीकडच्या ओसेतांनी आपला वेगळा देश झाल्याचं जाहीर केलं, रशियन सैनिकांनी येऊन तार ओढली, आणि माहेर चालत जाण्याच्या अंतरावर असून आई परदेशी झाली. मामाला यायचं तर पास लागतो, आणि पास मिळाला तर महिन्याने मिळतो. प्रेत महिनाभर थांबत नाही.

बुधवारी तिला नीट बोलता येत होतं तेव्हा तिनं सांगून ठेवलं होतं. "खाज़बीला ओरडून सांगू नकोस. रोट्या घेऊन जा. त्याला कळेल."

म्हणून शनिवारी सकाळी, बाहेरच्या खोलीत बायका शवपेटीभोवती बसलेल्या असताना, मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. शेजारच्या त्सिआलामावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"मामासाठी. चीजच्या रोट्या."

"फोन कर की. एकविसावं शतक आहे."

"मागच्या वर्षी त्याला त्या फोनवरूनच चौकीत बसवून ठेवलं होतं. शत्रूच्या मुलखात कुणाशी बोलतोस म्हणून. त्याचा मुलगा तिथं सरकारी नोकरीत आहे, मावशी."

"मग असू दे. त्यांच्या माणसांनी माझं घर जाळलं, आणि आपण त्यांना रोट्या भाजून न्यायच्या."

"खाज़बीमामानं जाळलं?"

"त्यानं कशाला जाळलं असतं? त्यानं उलट माझी दोन वासरं सांभाळली आणि आणून सोडली." त्या आत आल्या. "पण आहे तर त्यांचाच ना." मग परातीत डोकावून म्हणाल्या, "पीठ घट्ट झालंय तुझं. सरक. तुझ्या आईनं हे पाहिलं असतं तर उठून बसली असती."

त्यांनी पीठ सैल केलं, मी चीज कुस्करून भरलं. तीन रोट्या झाल्या. आई नेहमी तीनच करायची. माझ्या जन्माच्या, बारशाच्या, पदवीच्या, बाबा दवाखान्यातून परत आले त्या दिवशीच्या, सगळ्या तीन. भट्टीत सरकवताना पुटपुटायची, "देव, सूर्य, माती." एकीवर एक ठेवून त्यांना लोणी चोपडलं, कापडात बांधलं आणि मागच्या दारानं निघाले.

बागेच्या तोंडाशी आपल्या बाजूच्या पोलिसांची गाडी उभी होती. त्यातला वयस्क हवालदार खाली उतरला.

"कुठं निघालात ताई?"

"सीमेपर्यंत जाऊन येते."

"सीमा म्हणू नका. सीमा म्हटलं की दिली आपण ती जमीन त्यांना. कब्जारेषा म्हणायचं."

"बरं. कब्जारेषेपर्यंत."

"जपून. परवा एकाला उचलून नेलंय. अळंबी गोळा करत होता बिचारा. रेषा कुठली, अळंबी कुठली." मग त्यानं टोपी काढली. "आईंचं कळलं. माझ्या बायकोला त्यांनीच भरतकाम शिकवलं होतं."

आई त्या वस्तूला तार म्हणायची. नुसती तार. कपडे वाळत घालायची असते तशी.

दर शनिवारी मामा आपली तांबडी गाय तारेजवळ चारायला आणायचा आणि आई प्लमच्या झाडांखालचं गवत काढायला जायची. एकमेकांशी बोलायची बंदी, म्हणून मामा गायीशी बोलायचा आणि आई झाडाशी. "काय गं, गुडघा कसा आहे तुझा?" मामा गायीला विचारायचा. "या वर्षी बरा आहे, पण पाऊस आला की ठणकतो," असं आई झाडाला सांगायची. टेहळणीच्या मनोऱ्यावरच्या सैनिकांना सगळं ठाऊक असणारच. पण गायीशी बोलणं हा गुन्हा कुठल्या कायद्यात बसवायचा? वसंतात आईनं अंथरूण धरलं तेव्हापासून तिच्या जागी मी जात होते. ताप उतरलाय, आज सूप घेतलं, असं झाडाला सांगून येत होते. शेवटचे दोन शनिवार मात्र तिच्याजवळून हलता आलं नव्हतं.

मामा आधीच येऊन थांबला होता. गाय चरत होती. मागे, सीमेच्या हिरव्या पाटीपाशी, एक सैनिक सिगारेट ओढत होता. मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. त्यानं हात कपाळावर धरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या काळ्या कपड्यांवरून त्याला काही समजण्यासारखं नव्हतं, बाबांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

मी तारेजवळ गेले. गवतावर कापड पसरलं आणि त्यावर रोट्या ठेवल्या. त्याला कळेल, असं आई म्हणाली होती.

मामा तारेच्या जवळ आला, जितकं येता येतं तितकं.

"सरकवायला सांग गं तिला," तो गायीला म्हणाला. "एकीवर एक आहेत. वरच्या देवाला दिसायला नकोत का, किती आहेत ते?"

मी वरच्या दोन थोड्या थोड्या बाजूला सरकवल्या. तिन्हींच्या कडा दिसू लागल्या.

त्यानं पुढं वाकून मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला काही समजेना.

"बघ," तो गायीला म्हणाला, "तीन! तुला सांगत होतो ना, माझी बहीण चिवट आहे. प्लम तोडायला लागू नयेत म्हणून सोंग घेतलं होतं तिनं. लहानपणीही असंच करायची. कणसं सोलायची वेळ आली की हिचं पोट दुखायचं." तो हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. "काल तुमच्या अंगणात गर्दी दिसली. मला धड दिसत नाही, पण माणसं होती. मला वाटलं, संपलं. आता पोरगी दोन घेऊन येणार. रात्रभर डोळा लागला नाही गं."

दोन.

आईच्या माहेरचं एकही मरण माझ्या आठवणीत आमच्या बाजूला झालं नव्हतं. आजी-आजोबा गेले ते तिकडे. आई इथं झाडाखाली बसून रडली होती. ओसेतांच्या लग्नाच्या पंगतीला मी बसले आहे, मर्तिकाच्या कधीच नाही. दोन्हीकडच्या कथा-कहाण्या मी वाचल्या होत्या, आणि आपल्या आईच्या मरणाला किती रोट्या करायच्या हे मला माहीत नव्हतं. सांगायची गरज आहे असं तिलाही वाटलं नसेल.

मामानं टोपी काढली होती. हात वर करून, सैनिकाची पर्वा न करता, त्यानं प्रार्थना सुरू केली. ओसेत भाषा मला स्वयंपाकघरापुरती येते, पण एवढं समजत होतं. तो आभार मानत होता. बहिणीचं नाव घेऊन, तिला उठवून उभं केल्याबद्दल, एकेका देवाचे.

मी तेव्हाच निघून आले असते तर तो आनंदात घरी गेला असता. पुढच्या शनिवारपर्यंत त्याची बहीण जिवंत राहिली असती. हा विचार मी केला. पण सोमवारी तिला मातीत ठेवताना तिचा भाऊ तिकडे सुखानं गाय चारत असेल, हे मला सहन होईना.

देव, सूर्य, माती. मेलेल्या माणसाचं यातलं काय जातं, हे कुणी सांगायला लागत नाही. मी मधली, सूर्याची रोटी काढली आणि पाठीमागे गवतात ठेवली.

प्रार्थना अर्ध्यावर थांबली.

त्याचे हात तसेच वर राहिले. मग एक खाली आला, मग दुसरा. त्यानं वाकून पुन्हा मोजायचा प्रयत्न केला नाही.

"कधी?" त्यानं विचारलं. जॉर्जियनमध्ये, मोठ्यानं, आणि गायीला नाही, मला.

"मामा, तो ऐकतोय."

"कधी गं?"

"परवा. गुरुवारी पहाटे."

सैनिकानं सिगारेट टाकली आणि तो पुढं आला. रशियनमध्ये त्यानं विचारलं, "कुणाशी बोलतोयस, आजोबा?"

"गायीशी," मी पटकन म्हणाले. मूर्खासारखं, आणि तेही रशियनमध्ये.

"नाही," मामा म्हणाला. "माझ्या बहिणीच्या मुलीशी बोलतोय. ही खातुना. माझी बहीण ज़ारेता परवा वारली. लिहून घ्यायचं तर लिही."

"राज्याच्या सीमेवर संभाषणाला मनाई आहे."

"असेल."

मामा गवतावर बसला, तारेकडे तोंड करून. टोपी मांडीवर ठेवली. त्याच्या मुलाच्या नोकरीचं काय होईल, हे त्यालाही दिसत असणार. मी त्याच्यासमोर बसले. मध्ये तार होती.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "वसंतापासून. मी नव्हतो तिथं."

मी सांगायला लागले. छातीत दुखायला लागलं ती रात्र. गोरी शहरातल्या दवाखान्याची खिडकी, जिच्यातून तिला आपले डोंगर दिसत नाहीत म्हणून तिनं पलंग फिरवायला लावला होता. शेवटी तिला प्लमची आंबट चटणी हवी होती, तीही आजीच्या पद्धतीची, पुदिना जास्त घालून. मामा मान हलवत होता. मध्येच हातानं कपाळावर मारून घेत होता, त्यांच्याकडे मारतात तसं.

"पुरे," सैनिक म्हणाला. त्याच्या कमरेचा वायरलेस खरखरत होता. "ऊठ, चल."

मामानं मान वळवली नाही.

"थांब जरा," तो म्हणाला. "अजून ती आजारीच आहे. तिला मरू दे आधी."

सैनिक तिथंच उभा राहिला. मी पुढं सांगू लागले.