फाटक क्रमांक चार

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, फुटबॉल सामन्याचं तिसरं सत्र संपल्यावर, मिस अर्नेस्टीन गॅडी माइक घेऊन मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "हे घर कुणाचं?"

"हेरन्सचं!" असं उत्तर यायला हवं होतं. ते द्यायचं होतं पूर्वेकडच्या विद्यार्थी विभागाने. तिथे चार हजारांची सोय होती आणि त्या घडीला फार तर दीडशे मुलं बसली होती, तीही विखुरलेली. फलकावर पाहुण्यांचे एकतीस गुण होते, यजमान सायप्रस स्टेट विद्यापीठाच्या हेरन्स संघाचे तीन. बँडमधले चार-पाच जण काहीतरी ओरडले, पण ते ॲल्युमिनियमच्या बाकांवर आपटून विरून गेलं.

ठरल्याप्रमाणे मिस अर्नेस्टीननी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज खाली आला, मेसमध्ये एखाद्या पोराला जेवलास का विचारावं तसा. मग त्यांनी हसून हात हलवला आणि साठेक पावलं चालत त्या कडेला आल्या. एवढ्या चालीतही त्यांनी पाठ ताठ ठेवली होती.

कडेला वॉकीटॉकी घेऊन वेंडेल ट्रुइट उभा होता. त्यांना मैदानात पाठवणारा तोच.

वेंडेलचं वय एकेचाळीस. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात चाहत्यांचा उत्साह वाढवणं हे त्याचं अकरा वर्षांचं काम. ऑगस्टमध्ये वसतिगृहांत जाऊन नव्या पोरांना संघाचं गाणं शिकवायचं, शनिवारी प्रॅक्टिकल ठेवू नका म्हणून प्राध्यापकांच्या दारात उभं राहायचं, कॅम्पसभर निळी पत्रकं चिकटवायची. संघ दहा वर्षं हरत होता. तरी वेंडेल दर ऑगस्टला नव्या दमाने निघे.

यंदा त्याला मिस अर्नेस्टीन सुचल्या. मेसच्या दारात पोरांची कार्डं मशीनवर लावायचं काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. कार्डावरचं नाव त्या एकदाच वाचत, दुसऱ्या दिवसापासून पोराला नावाने हाक मारत. "कॅल्डर, केस काप रे, सूपात पडतील." "प्रिया, आईला फोन केलास का, का मीच करू?" कॅम्पसवर त्यांना ओळखत नाही असं कुणी नव्हतं.

"मला कशाला उभं करतोस, बाळा?" त्या म्हणाल्या होत्या. "मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"पोरांना तुम्ही हव्या आहात, मिस अर्नेस्टीन."

"पोरांना चिकन हवं असतं."

त्यावर दोघं हसले होते. त्या हसण्यातूनच वेंडेलला पुढची कल्पना सुचली: मध्यंतरात विद्यार्थ्यांना फुकट तळलेलं चिकन. स्टेडियमच्या आत चिकनच्या गाड्यांना जागा नव्हती, म्हणून त्या फाटक क्रमांक चारच्या बाहेर लावल्या. बत्तीसशे मुलं आली. पाच वर्षांत एवढी आली नव्हती.

मध्यंतर झालं आणि बहुतेक सगळी चिकनसाठी बाहेर पडली. बाहेर पडल्यावर परत आत येता येत नाही, हा नियम ऑगस्टपासून लागू होता. पत्रक वेंडेलच्याच कार्यालयाने काढलं होतं, खाली त्याची सही होती. ते तो साफ विसरला होता.

तो पळत फाटकाशी गेला तेव्हा गजांपलीकडे शेकडो पोरं हातात कागदी डबे घेऊन उभी होती.

"सर, सोडा ना आत," एक मुलगी म्हणाली. "मिस अर्नेस्टीन यायच्या आहेत. आम्ही त्यांच्यासाठी पाटी केलीय." तिने पाटी उंच धरली. तिच्यावर तेलाचे डाग पडले होते.

"हरायचं तर रोजचंच आहे, सर," मागून एकजण म्हणाला. "त्यांना तरी बघू द्या."

फाटकावरचा सुरक्षारक्षक शांतपणे म्हणाला, "तुमचाच कागद आहे, साहेब. वरून हुकूम आणा, उघडतो."

वेंडेलने वॉकीटॉकीवर त्याच्या वरिष्ठ ग्रेचेनला विचारलं.

"तपासणीशिवाय तीन हजार पोरं आत घेऊ? वेड लागलंय का तुला?" ती म्हणाली. "आणि कार्यक्रम ठरल्या वेळेला होऊ दे. त्याला प्रायोजक आहे."

त्याने पुन्हा विचारलं नाही. निदान मिस अर्नेस्टीनना थांबवावं, असं त्याच्या मनात आलं. पण थांबवायचं तर कारण सांगावं लागणार होतं. पोरं वीस मिनिटं उभी राहिली आणि पांगली.

रविवारी सकाळी साडेसहाला तो स्टेडियममध्ये आला. मिस अर्नेस्टीनना सगळं सांगायचं, असं तो गाडीत ठरवत आला होता. सामन्यानंतरची झाडलोट गावातली चर्चेस आळीपाळीने करत आणि या रविवारी पाळी त्यांच्या चर्चची होती. पूर्वेच्या विभागात त्या वरच्या रांगेत उभ्या होत्या. हातातली काळी पिशवी जवळजवळ रिकामी होती.

"तू कशाला उठून आलास?" त्या म्हणाल्या. "इथे झाडण्यासारखं काही नाहीच. पश्चिमेला बघ, शेंगांच्या टरफलांनी घोटे बुडतायत. इथे पोरं बसलीच कुठे."

वेंडेलने वाकून एक पेला उचलला आणि त्यांच्या पिशवीत टाकला.

"माझी बहीण आली होती मोबील शहरातून," त्या म्हणाल्या. "रात्री म्हणते, अर्नेस्टीन, तुला बघून उठून गेली का गं ती पोरं? तिला थट्टाच करायची असते. मी म्हटलं, गप, जेव."

"तसं काही नव्हतं."

"मग काय होतं, बाळा? खरं सांग. एकोणीस वर्षं मी त्यांना टोकतेय. केस काप, भाजी खा, फोन कर. पोरांना ते आवडतं असं मी धरून चालले होते. वैताग येत असेल, तर कुणीतरी सांगायला हवं होतं."

त्या रागाने बोलत नव्हत्या. दुकानात भाव विचारावा तितक्या सरळ विचारत होत्या. वेंडेलच्या तोंडात वाक्य तयार होतं: फाटक मी बंद केलं. पाच शब्दसुद्धा नव्हते.

"स्कोअरच तसा होता, मिस अर्नेस्टीन," तो म्हणाला. "पोरं कंटाळून गेली."

"हं," त्या म्हणाल्या आणि खालच्या रांगेत उतरल्या.

सोमवारी त्याने अहवाल लिहिला. विद्यार्थ्यांची उपस्थिती: तीन हजार दोनशे चार, पाच वर्षांतली सर्वाधिक. उत्तरार्धातल्या घटीचं कारण: एकतर्फी सामना. ग्रेचेनने उलट टपाली लिहिलं, "छान काम. चिकन पुढच्या वेळीही ठेवू."

त्या मुलीची पाटी फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्याला टेकवलेली रक्षकाला सापडली. त्याने ती वेंडेलच्या कार्यालयात आणून दिली. 'मिस अर्नेस्टीन, आम्ही जेवलो' असं तिच्यावर लिहिलेलं होतं. वेंडेलने ती कपाटामागे सरकवली. बुधवारी बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा मागे सरकवली.

गुरुवारी तो मेसमध्ये जेवायला गेला. मिस अर्नेस्टीन त्यांच्या जागेवर होत्या. पुढे उभ्या मुलाचं कार्ड त्यांनी घेतलं, मशीनला लावलं, परत दिलं. त्याच्यामागच्या मुलीचंही. "थँक यू," त्या प्रत्येकाला म्हणत होत्या, फक्त तेवढंच. मुलगी दोन पावलं पुढे जाऊन थबकली आणि मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिली. वेंडेल रांगेतून बाहेर पडला.

शुक्रवारी सकाळी त्याला मेसच्या मॅनेजरकडून कळलं, की मिस अर्नेस्टीननी आतल्या भांडी धुण्याच्या विभागात बदली मागितली आहे. अर्जात कारणाची जागा कोरी आहे.

"तुम्हाला माहीत आहे का काही?" मॅनेजरने विचारलं. "तुमच्याशी बोलतात त्या."

वेंडेल म्हणाला, बघतो.

दुपारी चारपर्यंत मॅनेजरने अर्जावर सही केलेली नव्हती, तो अजून वेंडेलच्या निरोपाची वाट पाहत होता.