उशीवरचं गाढव

बस आगाराच्या मागच्या अंगाला, पासांच्या खिडकीला लागून, 'हरवलेल्या वस्तू' अशी पाटी असलेली एक खिडकी आहे. तिच्या आत मी एकतीस वर्षं बसलो. माणसं बसमध्ये काय काय विसरतात ते मला विचारू नका. छत्र्या, चष्मे, जेवणाचे डबे, एकदा तर चक्क कवळी. ती न्यायला आलेले गृहस्थ कसे बोलत होते याची नक्कल शेजारच्या खिडकीतली पासवाली बाई अजून करते.

पण सगळ्यात अगतिक होऊन यायचं ते कापडी खेळणं विसरलेलं मोठं माणूस. चाळिशीतला, टाय लावलेला कोणीतरी खिडकीशी घुटमळायचा, मागे कोणी उभं नाही ना ते बघायचा आणि म्हणायचा, "भाचीचं अस्वल राहिलंय बसमध्ये."

"नाव?" मी विचारायचो.

"माझं?"

"अस्वलाचं."

लाजून चेहरा लाल व्हायचा, पण नाव तोंडातून पटकन बाहेर पडायचं. मी निमूटपणे अस्वल काढून द्यायचो. पासवालीला हसू आवरत नसे. मला मात्र अशा माणसांची थट्टा करण्याची छाती कधी झाली नाही, कारण माझ्या मुलीच्या उशीवर असंच एक गाढव बसलेलं होतं आणि ते मी याच खिडकीतून चोरलेलं होतं.

आडवळणं कशाला घ्या, सरळ सांगतो. आमची भिंगरी तेव्हा चार वर्षांची होती. भिंगरी हे लाडाचं नाव. एका जागी बसेल तर शपथ. ती जिन्यावरून पडली आणि पायाच्या ऑपरेशनसाठी तिला दवाखान्यात ठेवलं. नर्स म्हणाली, तिच्या सवयीची एखादी मऊ वस्तू आणा, कुशीत घेऊन पडेल. आमच्या घरी तसलं काही नव्हतं. बाहुली होती, ती प्लॅस्टिकची आणि एका हाताने थोटी.

आगारातल्या माझ्या फळीवर मात्र एक गाढव होतं. निळसर मखमलीचं, हातभर लांब. डावा कान कधीतरी तुटला असावा, कारण त्या जागी पिवळ्या चौकडीच्या कापडाचा दुसरा कान शिवलेला होता. नियम असा की तीन महिने वाट बघायची आणि मग वस्तू अनाथाश्रमात द्यायची. गाढवाला येऊन अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत कोणी फिरकलं नाही, ते आता काय येणार, असं मी स्वतःला समजावलं. गाढव पिशवीत कोंबलं, पिशवी खुर्चीला अडकवली आणि खिडकीचं दार ओढायला हात वर केला. तेवढ्यात त्या दोघी आल्या.

आई आणि सहा वर्षांची मुलगी. आई दमलेली, घामेजलेली. कापडी गाढव सापडलंय का, असं तिने विचारलं. नाही, असं मी म्हणालो. मुलीने चवड्यांवर उभं राहून कट्ट्यावर हनुवटी टेकवली. तिची नजर मला ओलांडून गेली आणि खुर्चीवर थांबली. मी वळून पाहिलं. पिशवीतून चौकडीचा कान बाहेर आला होता.

"त्यांच्या पिशवीत आहे," मुलगी हळूच म्हणाली.

मी वाकलो, कान आत ढकलला आणि म्हणालो, "ते माझ्या मुलीचं आहे, बाळ."

"नाही. माझं आहे. तुम्ही घेतलंत."

आईने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. माझा गणवेशाचा शर्ट, खिशावरचा बिल्ला, कपाळावरचा टिळा. मग तिने मुलीच्या थोबाडीत मारली. "साहेबांना चोर म्हणतेस? खोटारडी कुठली." आणि मला म्हणाली, "माफ करा हं. हिला सवयच आहे."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असू द्या हो, लहान आहे." वर खिशातून एक लिमलेटची गोळी काढून कट्ट्यावर ठेवली. मुलीने ती घेतली नाही. ती रडलीही नाही. आई तिला ओढत घेऊन गेली आणि ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

दवाखान्यात भिंगरीने गाढवाला मिठी मारली आणि त्याचं नाव साहेब ठेवलं. तेव्हापासून साहेब तिच्या उशीवर. शाळेच्या सहलीला साहेब, कॉलेजच्या वसतिगृहात साहेब. आज ती तीस वर्षांची आहे, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, चार गल्ल्या पलीकडे स्वतःच्या दोन खोल्यांत राहते, आणि तिथेही उशीवर तेच ध्यान. मी तिच्याकडे गेलो की पाठ फिरवून बसायचो. पाठीवर नजर जाणवायचीच. काचेच्या दोन मण्यांना कसली आलीय नजर, हे मलाही कळतं. तरी एकदा ती चहा करत असताना मी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. चहा घेऊन ती आली आणि तिने ते परत माझ्याकडे वळवलं.

ती चापट मात्र आगारातच राहिली. पासवाली दिवसभर पासांवर शिक्के मारते. प्रत्येक शिक्क्याला माझ्या गालाचा स्नायू उडायचा. "जरा हळू मारत जा," असं मी तिला इतक्यांदा सांगितलं की ती म्हणायची, "पासाला लागत नाही हो, काका."

आणि मग, अकरा वर्षांपूर्वी, खिडकीशी एक तरुण मुलगी आली. फॉर्म मागितला. वस्तूचं वर्णन या रकान्यात तिने लिहिलं: निळसर कापडी गाढव, डावा कान पिवळ्या चौकडीच्या कापडाचा. वस्तू हरवल्याची तारीख पंधरा वर्षांपूर्वीची. मी फळ्या शोधल्याचं नाटक केलं, फॉर्मवर 'आढळ नाही' असं लिहिलं आणि तिच्यापुढे सरकवला. तिने मान हलवली आणि आभार मानून निघून गेली.

दर वर्षी ती आली. तोच फॉर्म, तेच वर्णन. ना भांडली, ना टोमणा मारला. फक्त लिहून झालं की मान वर करून माझ्याकडे बघायची, आणि मी दर वर्षी तेच दोन शब्द लिहायचो. त्या महिन्यात मला जेवण गोड लागत नसे. तिला सगळं ठाऊक आहे, हे मला ठाऊक होतं. ओळखलं नसेल असं स्वतःला सांगायला काही जात नव्हतं, म्हणून सांगत होतो.

यंदा ती आली तेव्हा माझी निवृत्ती आठ दिवसांवर होती. मी ते तिला सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. तिने पेन खाली ठेवलं.

"मग आता आईला सांगणारं कोणीच उरणार नाही," ती म्हणाली.

"काय सांगणारं?"

"काका, मला गाढव नकोय. बत्तीस वर्षांची आहे मी, गाढव घेऊन काय करू? आईचं विसरणं सुरू झालंय. गॅस विसरते, घर विसरते. एक तेवढं विसरत नाही, की मी खोटं बोलते. औषध दिलं म्हटलं की म्हणते, थापा मारू नकोस. जेवली नाहीस म्हटलं की म्हणते, लहानपणापासून तू अशीच. माझ्या हातचं घेत नाही ती. शेजारणीने दिलं तर घेते." तिने फॉर्म बाजूला सारला. "तुम्ही एकदा तिच्यासमोर बोला. मधूनमधून तिला कळतं. पण नुसतं बोलून तिला पटायचं नाही. ते गाढव लागेल."

मी मान हलवली.

त्याच संध्याकाळी भिंगरीकडे गेलो. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पिशवी, कान, चापट, गोळी, सगळं सांगितलं. निम्म्यातच तिचे हात थांबले. ती चिडेल, रडेल, गाढव दुकानातून आणलं असं माझ्या आईला सांगितलंत ते काय, असं विचारेल, अशी माझी तयारी होती.

"मला माहीत होतं ते दुसऱ्या कोणाचं तरी आहे," ती म्हणाली. "पोटाखाली शाईने एक नाव होतं, पुसट. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, आठवते? सकाळी उठले तर खाट रिकामी होती. आणि त्याच दिवशी तुम्ही साहेब आणलात. मला वाटलं, तिचं असणार."

"अगं, ती मुलगी बरी होऊन घरी गेली असेल."

"चार वर्षांच्या पोरीला ते कोण सांगणार? मला वाटलं ती मेली, म्हणून तुम्ही तिचं गाढव मला दिलंत, मी सांभाळावं म्हणून. मी तिला सगळं सांगत आलेय, बाबा. परीक्षा, नोकरी, सगळं. रात्री दिवा मालवला की तिला विचारते, तू झोपलीस का." ती गाढवाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "ती तर जिवंत आहे म्हणता. बसने येते, फॉर्म भरते. मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलत होते?"

पोरीच्या खोलीत सव्वीस वर्षं एक मेलेलं मूल राहत होतं आणि ते मी आणून बसवलेलं होतं.

तिने गाढव उशीवरून उचललं, एका स्वच्छ उशीच्या खोळीत घातलं आणि माझ्या हातात दिलं. "मी येणार नाही. तुम्ही सांगा. सगळं सांगा, आणि माझं ऑपरेशन होतं म्हणून, असं म्हणू नका." दार लावून घेताना ती मला नीट जा म्हणाली नाही. ती ते नेहमी म्हणते.

फॉर्मवर फोन नंबर होता. ठरल्या दिवशी सकाळी अकराला दोघी आल्या. आईने आता मुलीचा दंड धरला होता. सुती साडी नीट नेसलेली, केस विंचरलेले, नजर मात्र एका जागी ठरत नव्हती. मी खिडकीमागून बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. पासवालीने शिक्का खाली ठेवला.

खोळीतून गाढव काढून मी कट्ट्यावर ठेवलं. "ताई," मी म्हणालो, "सव्वीस वर्षांपूर्वी तुम्ही हे विचारायला आला होतात. ते माझ्या पिशवीत होतं. मी चोरलं होतं. तुमची मुलगी खरं बोलत होती आणि मी खोटं. तुम्ही तिला मारलंत ते मी बघत उभा राहिलो."

आई माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, लोक समारंभात हसतात तशी. काहीच पोचलं नव्हतं. मुलीने डोळे मिटून घेतले. मग आईचा हात गाढवावर गेला, पाठीवरून डोक्यावर, आणि कानाशी थांबला. अंगठ्याने तिने शिवण चाचपली. एकदा, दोनदा.

"हा टाका माझा आहे," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या पडद्याचं कापड. उरलं होतं, त्याचा शिवला मी." तिने मान वर केली, आणि त्या वेळी ती नजर अगदी शुद्धीवर होती. "म्हणजे तुमच्याकडेच होतं."

"हो."

"आणि मी पोरीला मारलं."

"हो, ताई."

"आई," तिची मुलगी म्हणाली. "आई, मी आहे इथे. झालं ते झालं."

आईने तिच्याकडे पाहिलं, भल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं. "तुम्ही नाही हो. ती एवढीशी आहे." तिने कट्ट्याच्या उंचीवर हात धरला. मग वाकून बाकाखाली बघितलं, पासाच्या रांगेकडे बघितलं. गाढव तिने छातीशी घट्ट धरलं होतं. "आत्ता इथे होती. मी मारलं म्हणून रुसून कुठे गेली असेल. साहेब, इथे हरवलेल्यांचं लिहून घेतात ना?"

मी तिच्या मुलीकडे पाहिलं. ती रडत होती, आवाज न करता. तिने मला मानेने हो म्हटलं.

मी आत गेलो, खुर्चीत बसलो, कोरा फॉर्म घेतला. वय सहा, असं आई म्हणाली. नाव सांगितलं. फ्रॉक कुठला, ते तिला आठवेना. वर्णनाच्या रकान्यापाशी मी पेन घेऊन थांबलो.

"ती खोटं बोलत नाही," आई म्हणाली. "तेवढं लिहा. म्हणजे कोणाला सापडली आणि काही म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवतील."

मी ते शब्द जसेच्या तसे लिहिले, खाली सही केली आणि फॉर्म फिरवून तिच्या मुलीपुढे ठेवला.