हरकत नसेल तर

सुनेच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे प्लीजकाकांना नेमकं दुसऱ्याचं पत्र लिहिताना आठवायचं. आताही तेच झालं. खालच्या मजल्यावरची नर्स बदलीचा अर्ज लिहून घ्यायला समोर स्टुलावर बसली होती आणि काकांचं पेन 'आय शुड बी ग्रेटफुल'पाशी येऊन थांबलं होतं.

"अडलं का काका?"

"छे, अडतंय कसलं!"

"अडलंच असेल," काकांची थोरली बहीण आतून म्हणाली. "याचं पेन प्रत्येक प्लीजपाशी दम खायला बसतं."

काकांचा जन्म पंपांच्या कारखान्यात गेला, पत्रव्यवहार खात्यात. साहेब टेबलावर हात आपटून म्हणायचे, "त्या नालायकाला लिहा, माल पाठव म्हणावं!" आणि काका टाइप करायचे, की आपण माल शक्य तितक्या लवकर धाडण्याची कृपा कराल काय. कुठे 'कुड' आणि कुठे 'वुड', हे त्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नाही. सबंध खातं त्यांना प्लीजकाका म्हणू लागलं. ते नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं आणि निवृत्तीनंतरही गेलं नाही.

सून परदेशातली, इंग्रजी तिची मायबोली. नात रांगायला लागली तेव्हा तिने हाताने पत्र लिहिलं होतं. तुम्ही आमच्याकडे येऊन राहाल का? तुमची हरकत नसेल तर. बागेकडची खोली तुमच्यासाठी ठेवली आहे.

पत्र वाचून काकांना आधी हसू फुटलं आणि मग ते घोटाळ्यात पडले. 'हरकत नसेल तर' हे शब्द त्यांनी आयुष्यभर टाइप केले होते, आणि तेही ज्यांच्या हरकतीशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं अशा माणसांना. ते आतून किती पोकळ असू शकतात, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? सुनेने मनापासून लिहिलं होतं, की नुसती रीत म्हणून? रीत म्हणून असेल आणि आपण बॅग घेऊन दारात उभे राहिलो तर? तेव्हा उत्तर असं हवं होतं, की तिला नको असेल तर सहज अंग काढून घेता यावं. आपल्याला जायचंय हे तिला कळावं, पण दिसू नये.

असं उत्तर काही जमेना. कच्चे कागद होत राहिले, फाटत राहिले.

"बाबा, तिला दोन ओळी तरी लिहा ना," मुलगा फोनवर म्हणायचा.

"लिहितोय रे."

पुढे त्याने विचारणं सोडून दिलं. नात आता शाळेत जायची. फोनवर एवढंसं हॅलो म्हणून पळायची, आणि तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत काका फोन कानाला लावून बसायचे.

नर्सने लिहून झालेला अर्ज हातात घेतला. ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचत गेली. शेवटी आली, मग पुन्हा वर गेली.

"काका, रागावू नका हं. यात मी मागितलंय काय?"

"बदली. ती बघ, तिसऱ्या परिच्छेदात."

"तिथवर मेट्रनबाई कुठल्या पोचायला! दोन ओळी वाचून बाजूला ठेवतात त्या. माझी आई एकटी आहे, तिला धड दिसत नाही. मला तिच्याजवळच्या इस्पितळात जायचंय. एवढंच लिहा ना."

"असं एकदम तोंडावर मागायचं?"

"मग काय, पाठीवर मागायचं?"

आत भांडी घासता घासता बहीण खो खो हसली. काकाही कसनुसं हसले. नवा कागद घेऊन नर्स बोलली तेवढंच त्यांनी इंग्रजीत लिहिलं.

"प्लीज मात्र राहू द्या," निघताना ती म्हणाली, "ते तुमच्या हातचं छान वाटतं."

ती गेल्यावर काकांनी खणातून आपला शेवटचा कच्चा कागद काढला आणि तिच्यासारखंच ओळीखाली बोट धरून वाचला. प्रकृती ठीक होती, आभार होते, गैरसोय होत असल्यास क्षमा होती. त्यात ते स्वतः कुठेच नव्हते. तोच कागद पंपाच्या एखाद्या व्यापाऱ्याला धाडला असता, तरी चालून गेला असता.

"ताई," ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "मी तिकडे गेलो तर तुझं कसं?"

"माझं काय व्हायचंय? कागद टराटरा फाडल्याचा आवाज थांबेल, दुपारी डोळा तरी लागेल." तिने ओले हात पदराला पुसले. "इतके दिवस गेले, आता तिचं मन कसं असेल कुणी सांगावं. पण विचार तरी. नाही म्हणाली तर नाही. मी आहेच इथे."

काका टेबलाशी बसले. मला यायचं आहे, त्यांनी लिहिलं. उत्तर द्यायला मी फार उशीर केला. ती खोली अजून असेल तर मी तिथे राहीन. नसेल तर थोडे दिवस नातीला बघून परत जाईन. प्लीज, मला बोलाव.

एका वाक्यात 'मे आय' घालता आलं असतं. हात तिकडे वळलाही, पण त्यांनी तो आवरला. परत वाचलं तर आपण फाडू, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं; म्हणून शाई वाळायच्या आत घडी घातली आणि चपला चढवल्या.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं. "आजोबा, आत एकच कागद?"

"एकच."

तिकिटं लागली, त्यांच्यावर दणकन शिक्का बसला आणि पाकीट मागच्या ट्रेमध्ये जाऊन पडलं. काका खिडकीशी तसेच उभे राहिले.

"काका, जरा सरकता का?" मागचा माणूस म्हणाला.

"हो हो, सॉरी," म्हणत काका बाजूला झाले. पण गेले नाहीत. भिंतीला टेकून ते ट्रेकडे बघत राहिले. त्या माणसाचं पाकीट येऊन त्यांच्या पाकिटावर पडलं, मग आणखी कुणाचं. सुनेच्या नावाची एक कड तेवढी बाहेर राहिली होती. थोड्या वेळाने तीही झाकली गेली.