उलट्या जोडणीची वायर

मित्रांनो, कपाटामागून डाव्या अँप्लिफायरला जोडलेली जुनी, जाड, काळी वायर म्हणजे मी. दिसायला मी काही देखणी नाही, पण माझ्या पोटात तीन तारा आहेत. एक अर्थिंगची. बाकीच्या दोघी एकच आवाज नेतात, एक सुलट आणि दुसरी उलट. त्यामुळे वाटेत घुसलेली खरखर शेवटी आपोआप गळून पडते.

मला घरच्या बाबांनी तयार केलं. ते रेडिओ दुरुस्त करत. कामाला बसले की तहानभूक विसरत. त्यांच्याकडे दोन स्पीकरना दोन अँप्लिफायर होते. डावा फार जुना आणि उफराट्या स्वभावाचा. सगळे ज्या पिनवर सुलट आवाज घेतात, तिथे हा उलट घ्यायचा. म्हणून बाबांनी माझ्या एका टोकाला दोन तारांची मुद्दाम अदलाबदल केली. आई म्हणाल्या, खूण करून ठेवा. बाबा म्हणाले, माझ्या लक्षात राहील.

नाही राहिलं.

घरात एक टेप होती. तिच्यात आई छोट्या लेकीला गोष्ट वाचून दाखवतात आणि मधेच थांबून म्हणतात, "अहो, दूध उतू जातंय, बघा जरा." आई गेल्यावरही त्या वाक्याला बाबा खुर्चीतून अर्धे उठत आणि स्वतःशीच हसून परत बसत.

गेल्या वर्षी डावा अँप्लिफायर जळाला. लेकीने हौसेने नवा आणला. तो सरळमार्गी निघाला, उलटी राहिले ती मी एकटी. आता एक स्पीकर हवा पुढे ढकली तेव्हा दुसरा मागे ओढी. त्या ओढाताणीत आईंचा आवाज पार पोकळ झाला. बाबांनी दोन-तीनदा टेप लावून पाहिली, "माझे कानच गेले" म्हणाले आणि सगळ्यावर चादर टाकली. लोकांचे रेडिओही परत पाठवू लागले. मला फार अपराधी वाटे, पण मला कुठलं तोंड?

एका रविवारी लेक आवरायला आली. टेप लावून ती खोलीभर धूळ पुसत फिरत होती. शेवटी बाबांच्या खुर्चीत टेकली आणि चपापली.

"बाबा, स्पीकरपाशी उभं राहिलं की आई नीट ऐकू येते. इथे मधे बसलं की गायब होते."

"तुलाही?"

"मलाही."

बाबा ताडकन उठले. माझं टोक उघडून त्यांनी अदलाबदल केलेल्या दोन तारांवर बोट ठेवलं.

"कान शाबूत आहेत गं. विसरलो मीच."

त्यांनी माझ्या तारा जागच्या जागी आणल्या आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'सरळ केली'. खाली तारीखही घातली.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. जे मुद्दाम वेगळं कराल, त्यावर खूण करा. आणि एखादं वयस्कर माणूस नीट ऐकू येत नाही म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. आधी त्याच्या खुर्चीत बसून बघा.

त्या दुपारी आई दोन स्पीकरच्या बरोबर मधून बोलल्या, "अहो, दूध उतू जातंय, बघा जरा." बाबा या वेळी पुरते उठले आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आले.