सरदार हिनेकची नऊशे पुस्तकं

वेंदुलाबाई आमच्या गावच्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं सांभाळतात. चारशे वर्षांपूर्वीच्या सरदार हिनेकचा हरवलेला ग्रंथसंग्रह पुन्हा जुळवायचा, हा एकच ध्यास त्यांनी तीस वर्षं घेतला. क्राकोव, स्टॉकहोम, कुठं कुठं हिंडल्या. नऊशेपैकी सापडली एक्केचाळीस. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होतायत.

परवा माझ्या घरी आल्या त्या नाचतच. मी त्याच ग्रंथालयाचा पुस्तकं बांधणारा म्हातारा बाइंडर, ओत्मार. खसखशीचा केक कापला, आलुबुखाराची दारू ओतली.

"काका, कागद सापडला! बाकीची पुस्तकं परदेशी गेलीच नाहीत. एकावन्न साली हिनेकच्या गढीवरून ट्रकनं थेट आपल्या ग्रंथालयात आली!"

मी हातातला केक खाली ठेवला.

"आता फक्त बगळा शोधायचा," त्या म्हणाल्या. पुस्तकात नाव लिहिणं हिनेकसाहेब हलकं समजत. कातडी बांधणीवर एक बगळा उमटवायचे, बस्स. "तुम्ही साठ सालापासून तिथं. कधी दिसला का?"

"दिसला."

"मग इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसलात होय?" त्या हसत होत्या.

लाज वाटत होती म्हणून बसलो होतो. आता सांगून टाकलं. वरून हुकूम होता, किडकी कातडी काढा, सगळ्यांना एकसारखं करडं कापड चढवा. मठातून आलेली पाच हजार जुनी पुस्तकं आणि ही हिनेकची, सगळी एकत्रच माझ्या हाताखालून गेली. पानांच्या कडासुद्धा छाटल्या. कातडी शेगडीत घातली. ते काम चाललं तेवढे हिवाळे आमचा बांधणीचा कारखाना छान उबदार असायचा.

बाईंनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे मी रोज त्यांच्यासमोरून..."

"रोज."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तुमचा हात तुम्हाला ओळखू येईल ना, काका? एखादा टाका, एखादी गाठ? एवढं देखणं कातडं सोलताना हात जरा तरी थबकला असेल. त्या पुस्तकांना काहीतरी वेगळं केलं असेल."

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"नाही थबकला," मी म्हणालो. "सहा हजार पुस्तकं एकाच टाक्यानं शिवली. मी चांगला कारागीर होतो, बाई."